टेपचं नो-केन

काल दुपारी कारखान्याचा भोंगा झाला आणि तासाभरात दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या शर्टावर काजळी येऊन बसली. बरोबर खिशावर. आमच्या कडेगाव भागात उसाचा हंगाम सुरू झाला हे कळायला कॅलेंडर लागत नाही, पांढरा शर्ट पुरतो. पाठोपाठ मळीचा वास येतो, आंबूस आणि गोड. नवा पाहुणा नाकाला रुमाल लावतो. आम्हाला पहिले दोन दिवस जाणवतो आणि तिसऱ्या दिवशी नाहीसा होतो. वास कुठे जात नाही. नाकच कामावर यायचं बंद करतं.

मला त्या तिसऱ्या दिवसाविषयी लिहायचं आहे. तीन वर्षांपूर्वीच्या एका हंगामात माझं नाकच नव्हे, सगळंच कामावर यायचं बंद झालं होतं. आणि त्याच हंगामात मी एक टेपचं यंत्र नीट चालवायला शिकलो. या दोन गोष्टी एकमेकीत अशा अडकल्या आहेत की एक सोडवायला गेलं तर दुसरी हातात येते.

मी कारखान्याच्या संगणक विभागात आहे. विभाग म्हणजे मी, दोन कपाटं आणि एसी. महत्त्वाच्या क्रमानं वाचायचं असेल तर शेवटाकडून वाचा. पंचक्रोशीतला प्रत्येक माणूस "जरा कामानं आलतो" म्हणत त्या गारव्याला येऊन टेकतो, आणि टेकलेल्या माणसाला काहीतरी ऐकवल्याशिवाय मला सोडवत नाही. एका वर्षी असंच कुणीतरी टेकलं आणि बातमी सांगून गेलं की लांबच्या कुठल्याशा संस्थेचे सगळे संगणक चोरट्यांनी बाहेरच्या बाहेर कुलूपबंद केले. बातमी संचालकांच्या कानावर गेली आणि ठरलं की आपल्या माहितीची एक प्रत अशा जागी ठेवायची, जिथे कुठलीच तार पोचत नाही. म्हणून टेप.

लोक हसले. या जमान्यात कॅसेट? महिनाभर मला सगळे कॅसेटवाला म्हणत होते आणि कुणी कुणी लग्नातली गाणी भरून मागत होतं. पण ही कॅसेट तळहाताएवढी, तिच्या पोटात जवळजवळ किलोमीटरभर फीत, आणि भरून कपाटात ठेवली की जगातला कुठलाही चोर तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. कपाटाची किल्ली मी विसरलो तर मीही पोचू शकत नाही, तो भाग वेगळा.

यंत्र आलं ते दसऱ्याच्या तोंडावर. खंडेनवमीला आमच्याकडे झाडून सगळ्या हत्यारांची पूजा होते. कोयते, पाने, ट्रॅक्टर, वजनकाटा. मी म्हटलं, आमच्या हत्यारानं काय घोडं मारलंय? सांगलीच्या पेठेतली अस्सल हळद आणली आणि टेपच्या यंत्राची साग्रसंगीत पूजा केली. त्याला कॅसेट घालायचं एक तोंड होतं. तोंड दिसलं की आपल्या माणसाचा हात राहत नाही. दोन दिवसांनी साताऱ्याहून इंजिनिअर साहेब जोडणी तपासायला आले, त्यांनी साफसफाईची कॅसेट आत घातली आणि ती पिवळी होऊन बाहेर आली. त्यांनी ती उलटून पालटून बघितली, हुंगली. मग म्हणाले, "बाळासाहेब, हळद लागलीय. आता लग्न तुमच्याशीच."

संसार सुरू झाला तो कुरकुरीनंच. हंगामात कारखाना चोवीस तास चालतो. तीन-चार आठवड्यांनी एक दिवस सफाईला बंद राहतो. त्या दिवशी वजनकाटाही थांबतो, संगणकांना कुणी हात लावत नाही, आणि तेवढ्यात सगळी माहिती टेपवर उतरवून घ्यायची. या मोकळ्या वेळाला इंजिनिअर साहेब विंडो म्हणायचे. विंडो संपली की संपली, काम होवो न होवो. आणि आमचं काम होत नव्हतं. सकाळी आठला सुरू केलेलं यंत्र संध्याकाळी काटा सुरू व्हायच्या वेळी निम्म्यावर असायचं. घर्रर्र करून निघायचं, थोडं धावायचं, थबकायचं, चार पावलं मागं यायचं, पुन्हा घर्रर्र. मला वाटलं, हळद अजून शिल्लक असणार. मी दिसेल तेव्हा साफसफाईची कॅसेट घालू लागलो. इंजिनिअर साहेब फोनवरून ओरडले की ती कॅसेट आतलं लिहिणारं-वाचणारं डोकं खरवडते, यंत्रानं मागितली तरच द्यायची. म्हणजे दुखणं एकीकडे आणि मी घासत होतो भलतीकडे.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, याच कारखान्यात गव्हाणीवर होता. फौजेतून हवालदार होऊन परतला आणि इथं लागला. ट्रॉलीतला ऊस जिथे ओततात ती गव्हाण. तिथून तो पट्ट्यावरून मिलकडे सारख्या थरानं सोडायचा, हे दादाचं काम. थर जाड झाला तर मिल कोंडते. पातळ झाला तर रिकामी फिरते आणि थांबवावी लागते, आणि पाळीच्या वहीत कारण लिहितात, 'नो-केन'. उसानं तुडुंब भरलेल्या तालुक्यात हा शब्द लिहायला लागणं म्हणजे नामुष्की. दादाच्या पाळीत तो लिहिला गेला नाही, याचा त्याला पदकांपेक्षा जास्त ताठा होता.

त्या हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात, दादाच्या सुट्टीच्या दिवशी, तो एकटाच रानात विहिरीवर होता. मी वजनकाट्यासमोरच्या टपरीवर दहा-बारा ट्रॅक्टरवाल्यांच्या मधोमध उभा राहून कारखान्याच्या एम.डी. साहेबांची नक्कल करत होतो. फोन वाजला. दादा. मी कट केला, नक्कल ऐन रंगात होती. परत वाजला, परत कट. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी तो फोन नकलेतच वापरला. साहेब कसे पोट पुढं काढून फोन कानाला लावतात, ते दाखवलं. माणसं हसून लोळली. माझ्या कानाला लावलेला फोन तेव्हा वाजतच होता.

वहिनी भाकरी घेऊन रानात पोचल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. दादा विहिरीच्या काठावर आडवा, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं. गाडी करून सांगलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत पाच. डॉक्टरांनी विचारलं, सुरुवात कधी झाली? कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. माझ्या फोनवर लिहिलेलं होतं, बारा वाजून सात मिनिटं. तेवढं मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची एक विंडो असते, साडेचार तासांची. ती संपली.

हा शब्द ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की अरेच्चा, इथेही हाच शब्द वापरतात. मग आता वाईट वाटू लागेल म्हणून मी बाकावर जाऊन बसलो आणि वाट बघितली. समोर एक माणूस केळी खात होता. त्यानं चार खाल्ली. वाईट काही आलं नाही. वहिनींनी विचारलं, "आवं भावजी, तुमाला कशी ठावं वेळ?" मी म्हणालो, फोन आला होता, मी कामात होतो. त्यांनी मान हलवली. कामात असणाऱ्या माणसाला कोण काय विचारणार?

दादा पंधरा दिवसांनी घरी आला. उजवा हात कुणीतरी उसना दिल्यासारखा मांडीवर ठेवलेला असायचा. त्याला समजत सगळं होतं, बोलता येत नव्हतं. गंमत म्हणजे शिव्या येत होत्या, अस्खलित, एकीला दुसरी जोडून. फौजेतल्या आरोळ्या येत होत्या. स्वतःचं वाक्य तेवढं येत नव्हतं. आणि वाक्य म्हणजे एकच. समोर मी दिसलो की सुरू व्हायचं.

"त्या दिशी..." थांबायचं. मागं यायचं. "त्या... त्या दिशी तू..."

मी लगेच पुढं व्हायचो. त्या दिशी मोटार बंद पडली व्हय? दादा मान हलवायचा. त्या दिशी भाकरीला उशीर झाला? भाजीत मीठ नव्हतं? विहिरीतनं मगर निघाली? घरातली पोरंसोरं हसायची, वहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या. "भावजी हायत म्हणून घरात हसू हाय," असं त्या शेजारणीला सांगायच्या. दादा शेवटी एक सणसणीत शिवी हासडायचा, तिलाही सगळे हसायचे, आणि वाक्य तिथंच राहायचं.

ते वाक्य कुठं जाणार होतं हे मला माहीत होतं. ते तिथं जाऊ नये म्हणूनच मी ते रोज पुरं करत होतो.

मला काही होत नव्हतं, हे पुन्हा सांगतो. जेवण जात होतं. झोप लागत होती. टपरीवर नकला चालू होत्या, त्याच, तशाच, हशे त्याच जागी पडत होते. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, त्यानंतर आपण आपल्याच गालाला बोट लावून बघतो ना, तसं मी अधूनमधून स्वतःला लावून बघायचो. गाल होता. कळत नव्हतं.

पुढच्या सफाईच्या दिवशी वहिनींना खुरपणीला जायचं होतं, म्हणून मी दादाला सोबत घेऊन गेलो. एसीच्या खोलीत खुर्चीवर बसवला, गुडघ्यावर शाल टाकली आणि टेप सुरू केली. बाहेर कारखाना बंद. हंगामात कारखाना बंद असला की कानात कापूस घातल्यासारखं होतं. मिलची ती सततची घरघर नसते आणि तिच्याखाली दडलेले चिमणीवरचे पारवे तेवढे ऐकू येतात. खोलीत आमच्या यंत्राचा आवाज. घर्रर्र, थबक, चार पावलं मागं, घर्रर्र. दादा मान तिरकी करून ऐकत होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. गव्हाणीवर एखाद्यानं चुकीचा पट्टा सोडला की पडायच्या, तशा.

"नो-केन," दादा म्हणाला.

एका दमात, स्वच्छ. मी चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिलो. त्यानं डाव्या हातानं यंत्राकडे बोट केलं आणि पुन्हा, जरा वैतागून, "नो-केन."

मी साताऱ्याला फोन लावला आणि म्हणालो, साहेब, आमचे हवालदार म्हणतात की यंत्राला ऊस मिळत नाही. मग ते म्हणाले, हवालदारांना माझा नमस्कार सांगा. टेप रेंगाळते ती यंत्र मंद आहे म्हणून नव्हे, उपाशी आहे म्हणून. फीत फार वेगानं पळते. पुरवठा तुटला की तिला थांबावं लागतं, पण ती जागच्या जागी थांबू शकत नाही. पुढं घसरते, मग मागं येऊन तुटलेली जागा शोधते आणि तिथून पुन्हा वेग घेते. काम थोडं आणि येरझारा फार. फीतही झिजते, डोकंही.

आणि आमचा पुरवठा तुटत होता तो चिठ्ठ्यांमुळे. प्रत्येक गाडीची वजनाची चिठ्ठी वेगळी, तिचा फोटो वेगळा, सही वेगळी. अशा लाखो बारक्या फायली. संगणक एकेक उघडून, वाचून, मिटून टेपकडे देणार. एकेक कांडं उचलून मिलमध्ये टाकल्यासारखं. त्यात व्हायरस तपासणारा पहारेकरी प्रत्येक कांडं हुंगून सोडणार. मी दादाला विचारलं, तू काय करायचास? त्यानं डाव्या हातानं हवेत गव्हाणीचं सपाट टेबल आखलं, त्यावर ढीग रचला, ढीग छातीपर्यंत आल्यावर पट्ट्याची मूठ खाली ओढली. ढीग आधी. पट्टा नंतर.

तसंच केलं. एक वेगवान डिस्क मधे घातली. सफाईच्या आदल्या दिवशी दुपारीच सगळ्या चिठ्ठ्यांच्या मोठमोठ्या मोळ्या बांधून तिच्यावर रचून ठेवल्या. फायलींना नावंसुद्धा मोळी एक, मोळी दोन अशी दिली. पहारेकऱ्याला सांगितलं, मोळी बांधताना काय हुंगायचं ते हुंग, नंतर आडवा येऊ नकोस. टेपला एका वेळी जायचा घास मोठा केला. मधल्या साठ्यात पुरेसा माल जमल्याशिवाय फीत हलू द्यायची नाही, असं लिहिलं. फोटो मुळातच दाबलेले असतात, ते पुन्हा दाबत बसायचं बंद केलं. पिळून काढलेल्या चिपाडाला पुन्हा पिळून काय निघणार? फाटकावरच्या कॅमेऱ्यांची आणि टेपची वाट एकच होती, ती वेगळी केली. एकावेळी एकच बदल, मग एक चाचणी, मग दुसरा. पाच दुपारी त्यात गेल्या. दादा रोज खुर्चीत.

त्याच्या पुढच्या सफाईच्या दिवशी आठला सुरू केलं. यंत्र एकदाच घर्रर्र म्हणालं आणि मग नुसता एक लांबलचक, सारखा सूर. कुठेही न तुटणारा. दादानं डोळे मिटले. अकराच्या आत सगळं टेपवर होतं. साहेबांच्या सांगण्यावरून ते परत वाचून ताडून बघितलं, कारण परत वाचून बघितल्याशिवाय बॅकअप म्हणायचं नसतं, नुसती आशा म्हणायचं. सगळं जुळलं. साहेब स्वतः साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आले. मी दोन खाल्ले. गोड आहेत हे मला कळलं. लागले नाहीत.

मंगळवारी मंगळवारी मी दादाला एस.टी.नं सांगलीला न्यायचो. तिथे वाचा शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या, आवाज अगदी हळू. पाचव्या-सहाव्या मंगळवारी त्यांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "तुम्ही त्यांना शब्द पुरवता. त्यांना शब्द नको आहेत. वेळ पाहिजे." आणि हेही म्हणाल्या की जे यायचं ते बहुतेक या पहिल्या काही महिन्यांत येतं, आता तोडलेलं प्रत्येक वाक्य पुढं महाग पडेल.

मी बाहेर बाकावर बसून हिशोब जुळवून पाहिला. साताऱ्याच्या साहेबांनी एक शेवटची गोष्ट सांगितली होती. पुरवठा वाढवून वाढवून कमीच पडत असेल तर टेपला स्वतःचा वेग उतरवता येतो. सावकाश, पण न थांबता. यंत्र ते करतं, फक्त तशी मुभा द्यावी लागते. म्हणजे दादाच्या बोलण्यात काही बिघाड नव्हता. माल बारीक धारेनं येत होता, इतकंच. येरझारा मी घालत होतो. पुढं पळायचो, वाक्य तोडायचो, त्याला मागं जायला लावायचो. हे मला पुरतं समजलं. समजून मी काय केलं? पुढचे तीन मंगळवार तेच. कारण वाक्य पुरं झालं तर दादाची जीभ सुटणार होती आणि मी सापडणार होतो. एका बाजूला भावाची वाचा आणि दुसऱ्या बाजूला माझी लबाडी, आणि मी काटा रोज लबाडीच्या बाजूला झुकवत होतो, हसत हसत.

आता दादा गव्हाणीवर नाही. दुपारी चारच्या सुमारास काठी टेकत जातो, नव्या माणसाच्या केबिनबाहेर बसतो आणि थर पातळ पडला की काठी आपटतो. बोलतो. सावकाश बोलतो, ट्रॉलीवाल्यांना तेवढा धीर नसतो, पण नवा माणूस थांबतो. आमची टेप अजून अकराच्या आत संपते. लोक विचारतात, कसं जमवलं? मी त्यांना हळदीची गोष्ट सांगतो. तिच्यापुढची आज पहिल्यांदाच सांगतोय.

त्या हंगामातला शेवटचा मंगळवार. ऊन तापायला लागलं होतं. मॅडमकडचं आटोपून आम्ही कृष्णेच्या घाटावर झाडाच्या सावलीत येऊन बसलो. गाडी चारची होती. पाणी खाली गेलेलं, पायऱ्यांवर शेवाळ वाळून पापुद्रे सुटलेले. एक बाई पितळेचा हंडा घासत होती. पेठेकडून वारा आला की हळदीचा उग्र वास यायचा, पोत्यात भरलेल्या कोरड्या हळकुंडांचा. भडंगाचा कागद आमच्या मधे होता.

"त्या दिशी..." दादा म्हणाला.

माझ्या तोंडात तीन विनोद तयार होते. मी भडंगाचा घास भरला आणि तोंड मिटून घेतलं.

"त्या दिशी... तू..."

बाईनं हंडा विसळला. पालथा घातला. दुसरा घेतला. दादाचा डावा हात गुडघ्यावर उघडझाप करत होता. शब्द येत होता, जात होता, त्याच्या गळ्यात दिसत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. इतका वेळ सरळ मी त्याच्या तोंडाकडे त्या हंगामात बघितलंच नव्हतं. उजवीकडून ओठ खाली आला होता, दाढीचा एक पट्टा तिथं तसाच राहून गेला होता.

"फोन... उचलला... न्हाईस."

"व्हय," मी म्हणालो.

चार महिने मी एक उत्तर घासून ठेवलं होतं. काट्यावर गर्दी होती, यंत्र बिघडलं होतं, साहेब समोर होते, असं बरंच. त्यातलं काहीच पुढं आलं नाही.

"का?" दादानं विचारलं. हा शब्द पटकन आला.

"नक्कल करत हुतो."

"कुनाची?"

"यम्डी सायबांची."

दादानं नदीकडे बघितलं. पलीकडच्या काठाला कुणीतरी म्हैस पाण्यात घातली, ती बसली. मग तो वळला आणि म्हणाला, "जमली?"

"जमली."

"मंग... दाव."

मी उठलो. दोन पायऱ्या खाली उतरून त्याच्यासमोर उभा राहिलो, शर्ट नीट केला, पोट पुढं काढलं, तोंड उघडलं. काही येईना. नकलेतला तो फोन कानाला लावायला हात वर नेला आणि अर्ध्यातूनच खाली घेतला. हंडे घासणारी बाई थांबून बघायला लागली.

दादानं घाई केली नाही. भडंगाचा कागद जवळ ओढून घेतला आणि तो माझ्याकडे बघत, वाट बघत बसून राहिला.